श्राद्धाला लाल कालवण

जुमुनजिन,
३ डिसेंबर १९९१

दाजींना ओकजूचा नमस्कार.

पत्रास कारण की ताई स्वप्नात आली होती. हसू नका. माझ्या पार्लरमध्ये, केस वाळवायच्या यंत्राखाली, ते मोठं टोपलं डोक्यावर घेऊन बसली होती आणि मला म्हणते कशी, "ओकजू, काही झणझणीत आहे का गं? तुझ्या दाजींकडे जाऊन आले. सगळं पांढरंफटक!" एवढं बोलली आणि टोपल्यासकट उठून गेली.

आता तुम्हीच सांगा, गेलेलं माणूस स्वप्नात येऊन खायला मागतं म्हणजे काय? आमच्या बंदरावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उपाशी आहे ती. सुगीच्या सणाला तुम्ही तिचं पान मांडलंत ते मी पाहिलंय ना. मुळ्याचं पांढरं पाणी, पांढरा टोफू, पांढरा भात आणि वाळका मासा. बाई जन्मभर नाक पुसत जेवली, आणि आता तिला हे आजाऱ्याचं जेवण!

पुढच्या महिन्यात तिचं पहिलं वर्षश्राद्ध. त्या दिवशी चौरंगावर म्यंगथे माशाचं लाल कालवण ठेवा. तिचं ते, ताज्या माशाचं, मुळा घातलेलं, गाबोळीसकट. नाही ठेवलंत तर ती पुन्हा तुमच्या दारात यायची नाही, हे मी लिहून देते. येईल माझ्याकडे, आणि माझी गिऱ्हाइकं पळवून लावेल.

तुमची मेव्हणी,
ओकजू

ता. क. घरात चूल पेटते का? की शेजारणीच्या भरवशावर आहात?


आंदोंग,
९ डिसेंबर १९९१

चि. ओकजू हिस ग्यूहानचे आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. त्यातील अशुद्धे लाल शाईने दुरुस्त करून मूळ पत्र सोबत परत पाठवीत आहे. जन्मभर शाळेत भाषा शिकविलेल्या माणसाकडून एवढी सेवा तू स्वीकारावीस.

आता मुद्द्याचे. श्राद्धाच्या पानात मिरची आणि लसूण नसतात, ही गोष्ट तू विसरलेली दिसतेस. तिखटाने भूत पळते, म्हणून तर मूल जन्मले की आपण दारावर मिरच्यांची माळ बांधतो. भूत कोणते आणि घरचे माणूस कोणते, हा भेद तिखटाला कळत नाही. म्हणजे मी एका हाताने तुझ्या ताईला, बोकसुनला, आमंत्रण द्यावे आणि दुसऱ्या हाताने तिला हाकलण्याची वस्तू समोर ठेवावी, असा तुझा सल्ला आहे.

शिवाय त्या दिवशी दोक्सूदादा येणार. ते माझे चुलतबंधू आणि आमच्या घराण्याचे प्रमुख. पानातील खजूर एक बोटभर सरकला तरी त्यांच्या भुवया वर जातात. त्यांच्या देखत लाल कालवण! छे.

तुझ्या माहेरचा म्यंगथे पानात असेलच. वाळविलेला, डोक्यासकट, रीतीप्रमाणे.

तुझ्या स्वप्नावर माझा विश्वास नाही. तरीही ते पुन्हा पडल्यास सर्व तपशील कळवावा. विशेषतः "जाऊन आले" असे ती म्हणाली, की "जाऊन आले, पण जेवले नाही" असे म्हणाली, हे आठवून लिही. कालवण ठेवले तर ती येऊ शकत नाही आणि न ठेवले तर येऊन उपाशी जाते, असा जर खरोखरच पेच असेल, तर तो मला नीट समजून घेतला पाहिजे.

ग्यूहान

ता. क. केवळ जिज्ञासा म्हणून विचारतो. त्या कालवणात आधी मुळा घालतात की मासा?


जुमुनजिन,
१४ डिसेंबर १९९१

दाजी, नमस्कार.

माझं पत्र परत पोचलं. गोवर आल्यासारखं दिसत होतं. पार्लरमध्ये सगळ्या बायकांनी हातोहात पाहिलं आणि एकीनं विचारलं, "तुझ्या दाजींच्या घरी लाल रंग चालतो वाटतं, फक्त पानात चालत नाही?"

आणि लाल म्हणाल तर तुमच्या पानात लाल खजूर असतो, लाल सफरचंद असतं. दादा स्वतः ते मोजून पूर्वेला मांडतात. त्याला कुणी घाबरून पळालेलं मी ऐकलं नाही.

ताई जेवल्याचं काही बोलली नाही. चेहरा उतरलेला होता. पुरे एवढे तपशील?

आता तुमची "केवळ जिज्ञासा". घ्या लिहून. आधी मुळा, तळाला. जाड चिरा, नाहीतर विरघळतो. त्यावर सुकटीचं उकळलेलं पाणी. मुळा काचेसारखा दिसायला लागला की लाल तिखट, मुरवलेलं तिखट थोडंसं, मुरलेलं सोयाबीन अगदी नखभर, लसूण ठेचून. मग मासा, गाबोळी, काळीज. मासा घातल्यावर डाव हलवायचा नाही, पातेलं हलवायचं. शेवटी टोफू, कांद्याची पात. मीठ चाखून.

किती किती म्हणून विचाराल, माहितेय मला. अंदाजानं. हाताला कळतं.

बरं दाजी, खरं सांगा. स्वयंपाकघरात कधी पाय ठेवला होता का हो याआधी? तिथं जाताना पुस्तक नेऊ नका, ते पेटतं.

ओकजू


आंदोंग,
२१ डिसेंबर १९९१

चि. ओकजू हिस आशीर्वाद.

"अंदाजानं" हे माप नव्हे. "थोडंसं" हेही नव्हे. "नखभर" याबाबत मी माझे नख आणि शेजारच्या ग्वांगसूच्या आईचे नख ताडून पाहिले; दोहोंत मोठा फरक आहे. कोणाचे नख अभिप्रेत आहे, हे तू लिहिलेले नाहीस.

मी मंगळवारी प्रयोग केला. प्रयोग एवढ्यासाठी म्हणतो की श्राद्धाशी त्याचा संबंध नाही. बाजारात गोठवलेला म्यंगथे मिळाला, तो आणला. तू सांगितलेल्या क्रमाने सर्व केले. तिखट घालताना डबा हातातून निसटला आणि तुझ्या "अंदाजा"चा प्रश्न आपोआप सुटला.

त्यानंतर काय झाले ते ऐक. माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, श्वास अडकला, आणि मी ओट्याला धरून मोठमोठ्याने हुंदके देऊ लागलो. भिंतीपलीकडे ग्वांगसूची आई असते. ती पाइनच्या बियांची पेज घेऊन धावत आली. दारातच माझा हात धरून म्हणाली, "रडा मास्तर, रडा. वर्ष झालं, एकदा मोकळे व्हा. मी कुणाला सांगायची नाही." मी म्हणालो, "अहो, हे तिखटाने आहे." ती म्हणाली, "हो हो, तिखटानंच." आणि तीही रडू लागली. मी पेज घेतली. दुसरा मार्ग नव्हता.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला ठाऊक झाले होते.

कालवण मी दोन चमचे खाल्ले आणि त्यावर सातूचा चहा तांब्याभर प्यालो. चव बरी असावी. मी तुलना करू शकत नाही, कारण बोकसुनचे लाल कालवण मी आयुष्यात चाखलेले नाही. माझ्यासाठी ती वेगळे पांढरे करीत असे. परंतु एक गोष्ट मी खात्रीने सांगतो: ते तिचे नव्हते. ती त्या पातेल्याचे झाकण उचलायची आणि मला शेजारच्या खोलीत, बंद दाराआड, शिंक यायची. दरवेळी, न चुकता. मी झाकण उचलून, नाक पुढे करून उभा राहिलो. डोळे वाहिले, पण शिंक आली नाही.

तेव्हा तुझ्या कृतीत काहीतरी राहिले आहे. आठवून कळव. जिज्ञासा, दुसरे काही नाही.

ग्यूहान


जुमुनजिन,
२७ डिसेंबर १९९१

दाजी,

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. एका बाईच्या अर्ध्या डोक्याला औषध लावलेलं तसंच राहिलं, तिचे केस आता एका बाजूनं मेंढीसारखे झालेत. तिची क्षमा मागावी लागली. शिंकेवरून चव ओळखणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

माझ्या कृतीत काय राहिलं ते मला ठाऊक नाही. खरंच. ताईची चव माझ्याही हाताला नाही. मी कित्येकदा विचारलं, ती म्हणायची, "तुला घाई असते." बस्स. तुम्ही शेजारच्या खोलीत बसून काय ऐकलंत ते आठवा. कान तर तुमचे तिखट आहेत. कोण कुठं चुकीचं बोललं ते तुम्हाला भिंतीपलीकडून कळतं.

आणि ते बंद दार तुम्हाला काय वाटलं, तुमच्या नाकासाठी लावायची ती? आधी मलाही तसंच वाटायचं. मी तुमच्याकडे राहायला यायचे तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकाच पातेल्यात चमचे घालून बसायचो. एकदा मी म्हटलं, "ताई, दार उघड ना, गुदमरायला होतंय." तर म्हणाली, "राहू दे गं. या दारामागं कुणी माझी वाक्यं दुरुस्त करत नाही." आणि आम्ही इतक्या हसलो की गाबोळी नाकात गेली.

राग मानू नका. तिनं तुम्हाला नावं ठेवली नाहीत. तेवढा वेळ तिचा होता, एवढंच. अगदी सावकाश खायची. एकेका घासावर फुंकर, फुंकर, फुंकर. माझं संपायचं तरी हिचं अर्धं असायचं.

तर आता ठरवा, ताईला काय खायला घालायचं. दिवस थोडे राहिलेत.

ओकजू


आंदोंग,
६ जानेवारी १९९२

चि. ओकजू हिस आशीर्वाद.

उत्तरास विलंब झाला. कारणे दोन.

पहिले कारण असे की मी आठवून पाहत होतो. तुझ्या सांगण्याप्रमाणे डोळे मिटून शेजारच्या खोलीत बसलो आणि बोकसुनचा स्वयंपाक कानांनी पुन्हा ऐकला. आधी सुरीचा आवाज, तो मुळ्याचा. त्यानंतर पाणी ओतल्याचा आवाज यायला हवा. तो येत नसे. आधी "चर्र" असे होई, ते बराच वेळ चाले, आणि मग पाणी पडे. ओकजू, ती मुळा आणि तिखट आधी तिळाच्या तेलात परतीत असे, मंद आचेवर, तेल लाल होईपर्यंत. तुझ्या घाईत हेच राहिले. आणि पाणी म्हणजे सुकटीचे नव्हे, तर तांदळाचे धुवण. कारण ते फेकू नये म्हणून मीच एकदा तिला बोललो होतो.

काल तसे केले. वर लाल तवंग आला. झाकण उचलले आणि मला लागोपाठ शिंका आल्या. ग्वांगसूची आई भिंतीपलीकडून ओरडली, "मास्तर, आज रडत नाही ना?" मी म्हणालो, "नाही, आज बरे आहे." खरोखरच बरे होते.

दुसरे कारण अप्रिय आहे. गल्लीतली बातमी दोक्सूदादांपर्यंत पोचली. त्यांचे पत्र आले. ते असे: "ग्यूहान, तुझ्या घरातून लाल वास येतो असे ऐकतो. जिवंत माणसाने काय खावे हा त्याचा प्रश्न. परंतु श्राद्धाच्या चौरंगावर लाल कालवण येणार नाही, असा मला तुझा शब्द हवा. तुझी पत्नी आपल्या घराण्याची सून होती. तिला दारातून परत पाठवू नकोस."

यातील शेवटचे वाक्य मी अनेकदा वाचले. दादा कठोर आहेत, पण ते बोकसुनचीच बाजू घेत आहेत. तूही तिचीच बाजू घेत आहेस. मधे उभा आहे मी, आणि मला तिला विचारता येत नाही.

मी दादांना शब्द दिला. श्राद्धाच्या चौरंगावर लाल कालवण येणार नाही. दिलेला शब्द मी अक्षरशः पाळतो, हे तू जाणतेस.

तू श्राद्धाला ये. दादांच्या घरून त्यांच्या पत्नीचे गुडघे दुखत असल्याने कोणी बाई येणार नाही. स्वयंपाकघर तुलाच सांभाळावे लागेल. दादांना शेवटची बस गाठायची असल्याने विधी मध्यरात्रीऐवजी दिवेलागणीलाच करण्यास त्यांनी संमती दिली आहे. शास्त्र आणि बस यांत बस जिंकली.

आणि एक. बंदरावर ताजा म्यंगथे मिळाला तर आदल्या दिवशी बसने पाठवावा. गाबोळीसकट. घरच्या माणसांच्या जेवणासाठी.

ग्यूहान


जुमुनजिन,
११ जानेवारी १९९२

दाजी,

घरच्या माणसांच्या जेवणासाठी! घरी माणसं किती? एक. आणि ते सातूचा चहा पितं.

मासा पाठवते. बर्फात घालून, ड्रायव्हरच्या हातात देऊन. तोंड उघडं आहे त्याचं, घाबरू नका. तिळाच्या तेलाची गोष्ट वाचून मी आधी स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं आणि मग थोडं रडले. तिखटानं. तुम्ही म्हणता तसंच.

शब्द दिलात ना, मग पाळा. मी आता काही बोलायची नाही. ताईनं समजून घ्यावं. जन्मभर समजूनच घेत आली.

मी त्या दिवशी सकाळची गिऱ्हाइकं उरकून थेट बसमध्ये बसेन. दादांसमोर मेंढीसारखं यायला नको म्हणून केसांत रोलर लावून, वर रुमाल बांधून निघणार आहे; उतरल्यावर काढेन. ओळख न पटल्यास हाक मारा.

ओकजू


आंदोंग,
१९ जानेवारी १९९२

चि. ओकजू हिस आशीर्वाद.

श्राद्ध आटोपताच तू शेवटची बस गाठायला धावलीस. आपले बोलणे झाले नाही. निरोप घेताना तुझे नाक आणि डोळे लाल होते, ओठ थरथरत होते. ते पाहून मीही काही विचारले नाही. बहिणीचे दुःख असे उफाळून येते, हे मी समजू शकतो.

परंतु त्या संध्याकाळी दारापाशी जे घडले ते तुला ठाऊक नाही, कारण तू स्वयंपाकघरात होतीस. ते तुला सांगितलेच पाहिजे.

मी पहाटे उठून कालवण केले होते. होय. चौरंगावर ते आले नाही. तू स्वतः पाहिलेस, सर्व पांढरे होते आणि दादा संतुष्ट होते. पातेले मी खोलीच्या उबदार कोपऱ्यात, खालून तापणाऱ्या जमिनीवर, गोधडीखाली ठेवले होते. मला शाळेतून यायला उशीर झाला की बोकसुन माझ्या भाताचा वाडगा तिथेच, त्याच गोधडीखाली ठेवीत असे. दादांना मी चौरंगाचा शब्द दिला होता, गोधडीचा नव्हे.

तिखटाने ती परत जाईल, ही भीती होती. खोटे कशाला सांगू? शेवटपर्यंत होती. पण मी असा विचार केला की तिखटाने पळतो तो तिखटाला भिणारा. बोकसुन तिखटाला कधी भ्यायली? या घरात भिणारा मी एकटा होतो.

विधीत ती वेळ आली, जेव्हा आपण सगळे बाहेर येऊन दार लावून घेतो आणि आलेल्या व्यक्तीला एकटीला जेवू देतो. नऊ घास खाऊन होतील इतका वेळ थांबायचे, मग यजमानाने तीनदा खाकरायचे आणि दार उघडायचे. सर्वांत शेवटी मी बाहेर पडलो. निघताना गोधडी बाजूला केली, तिचा चमचा पातेल्याशेजारी ठेवला. झाकण तसेच राहू दिले. वास सुटून दादांना कळू नये म्हणून.

दादा आणि मी बाहेर थंडीत उभे. मी नेहमीप्रमाणे मनात घास मोजू लागलो. आणि ओकजू, मला शिंक आली.

झाकण मी लावून आलो होतो. मी स्वतः.

नऊ घास केव्हाच झाले. दादांनी माझी बाही ओढली.

"ग्यूहान, झालं. खाकर."

"अजून नाही, दादा."

"अजून नाही म्हणजे? माझे तर बारा झाले. अरे, पाय गारठले माझे. खाकर!"

"गरम आहे, दादा."

"काय गरम आहे?"

ती फुंकर घालून खाते. शास्त्रात घास मोजलेले आहेत, फुंकरा मोजलेल्या नाहीत. दादा म्हणाले, "मी खाकरू का?" मी म्हणालो, "खाकराल तर उद्यापासून मी तुमचा भाऊ नाही." चाळीस वर्षांत मी दादांशी असे बोललो नव्हतो. ते पाय आपटीत उभे राहिले.

शेवटी मी खाकरलो आणि दार उघडले. झाकण जमिनीवर होते. चमचा ओला होता. पातेले निम्म्यावर उतरले होते.

दादांनी ते पाहिले. एवढी श्राद्धे केली त्यांनी. पानातला भाताचा कणही कधी हललेला त्यांनी पाहिला नव्हता. रागावतील म्हणून मी मान खाली घातली. वर पाहिले तर दादा गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला टेकवून. थंडीने आखडलेले ते गुडघे कसे वाकले, त्यांनाच ठाऊक. उठून एवढेच म्हणाले, "सूनबाई जेवली."

बसथांब्यापर्यंत मी त्यांना पोचवायला गेलो.

म्हणून तुला लिहितो. तुझे स्वप्न खरे होते. ती उपाशी होती. आता नाही.

ग्यूहान


जुमुनजिन,
२४ जानेवारी १९९२

दाजी, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. हे पत्र पार्लरमध्ये वाचून दाखवलं नाही. एकटीनंच वाचलं. दोनदा.

काय लिहू? ताईच आली असणार. दुसरं कोण? मी तर स्वयंपाकघरात फळं चिरत होते. स्वयंपाकघरातलं ते छोटं दार खोलीत उघडतं खरं, पण ते बंद होतं. म्हणजे असावं. वास आला मला थोडासा, नाही म्हणत नाही, सकाळपासून बसमध्ये पोटात काही नव्हतं, पण मी लक्ष दिलं नाही. आणि तुम्ही इतका वेळ खाकरला नाहीत, इतका वेळ, की माणसाला वाटावं आता हे खाकरतच नाहीत.

परवा ती पुन्हा स्वप्नात आली. जाड झाली होती. म्हणाली, चव अगदी तीच. पहिल्या घासालाच तिला आपलं घर आठवलं, चुलीपाशी बसलेली ताई... म्हणजे ती स्वतःच बसलेली आठवली. थांबताच येईना म्हणाली. फक्त मीठ चिमूटभर जास्त होतं आणि मुळा जरा जाड हवा. गाबोळी उत्तम. हे तिचं म्हणणं, माझं नाही.

दाजी, तुम्ही आनंदात आहात ना? आनंदातच राहा. मी काही चुकीचं लिहिलं असेल तर लाल शाईनं दुरुस्त करून पाठवा, मला चालेल. या वेळी हवंच आहे.

ओकजू


आंदोंग,
२९ जानेवारी १९९२

चि. ओकजू हिस आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. त्यातील अशुद्धे या वेळी दुरुस्त केलेली नाहीत. ती पुष्कळ आहेत, आणि मी ती तशीच जपून ठेवणार आहे.

सोबत केसांचा एक गुलाबी रोलर पाठवीत आहे. गोधडी झटकताना तो खाली पडला. कोणाचा, हे मी विचारीत नाही. तूही कळवू नयेस. दादांनाही मी काही सांगितलेले नाही. त्यांचे कालच पत्र आले आहे. त्यांच्या मातोश्रींना खेकड्याचे तिखट कालवण फार प्रिय होते, तर चौरंगाचा नियम न मोडता गोधडी वापरता येईल काय, असा त्यांचा प्रश्न आहे. गोधडी जाड असावी, असे मी उत्तर दिले.

रोलर सापडल्यावर मी नेहमीप्रमाणे विचार नीट मांडून पाहिला, तो तुला सांगतो. पातेले निम्म्यावर उतरले होते. तुझ्या म्हणण्याप्रमाणे ते खारट होते. खारट आणि इतके तिखट कालवण एकटे माणूस निम्मे संपवू शकत नाही. तुला घाई असते आणि तुझे लवकर संपते, हे तूच लिहिले आहेस. तेव्हा उरलेले सावकाश कोणी खाल्ले, याचा उलगडा एका रोलरने होत नाही.

आणि ते दार लावलेले असताना आतून जे हसणे यायचे, ते मी इतकी वर्षे ऐकले. ते एकीचे कधीच नव्हते. तू नसताना बोकसुन दारामागे एकटी जेवली की आत शांतता असे. तिला तू हवी होतीस. ती माझ्या चौरंगापाशी येणार तर तुझ्याबरोबरच येणार, हे मला आधी सुचायला हवे होते.

पुढच्या वर्षीही विधी दिवेलागणीलाच. स्वयंपाकघर तुझ्याकडे. मुळा जाड चिरीन, मीठ चिमूटभर कमी घालीन. चिमूट माझी धरावी. बाहेर उभे राहताना दादांसाठी लोकरी मोजे आणून ठेवले आहेत, त्यामुळे खाकरण्याची घाई होणार नाही.

आणि गोधडीखाली, पातेल्याशेजारी, दोन चमचे ठेवीन.

ग्यूहान